झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर ठोके बिघडले तर : आधीच करून ठेवायची तयारी

हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरली की घरातल्या सर्वांचे लक्ष ऑपरेशनच्या दिवसाकडे लागलेले असते, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा विचार सहसा कोणी करत नाही. ठोके अनियमित होण्याची शक्यता मात्र याच दिवसांत सर्वाधिक असते. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, त्या अवस्थेला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला, कधी त्याहूनही अधिक जणांना, ती होते. शस्त्रक्रियेमुळे आलेली सूज, झडप खराब असल्याने आधीपासून ताणलेले कप्पे, रक्तातील पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची घट अशी कारणे एकत्र येतात. त्यामुळे ठोके बिघडले म्हणजे ऑपरेशन फसले, असा अर्थ लगेच काढू नये.

तयारीची सुरुवात जुन्या कागदांपासून करावी. आधीचे ईसीजी, इको आणि थायरॉइडचे अहवाल एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावावेत, आणि पूर्वी कधी धडधड झाली असेल, चक्कर आली असेल, तर ते आठवून लिहून ठेवावे. एट्रियल फिब्रिलेशन आधीपासूनच असेल, तर त्याच ऑपरेशनमध्ये त्यावरची शस्त्रक्रिया करता येईल का, हे सर्जनना आधीच विचारावे, कारण छाती एकदा बंद झाल्यावर या प्रश्नाचा उपयोग उरत नाही. चालू गोळ्यांची यादी मात्रेसह आणि वेळेसह करावी. त्यात बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी ठेवणारे औषध) असेल तर ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती अचानक थांबवल्याने ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती कोणत्या तारखेपासून थांबवायची हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.

नवी झडप धातूची बसणार की जैविक, हेही फाइलच्या पहिल्या पानावर लिहावे. धातूच्या झडपेसाठी वॉरफेरिनसारखी जुनी औषधेच आयुष्यभर घ्यावी लागतात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासणी न लागणारी, रक्त पातळ करणारी नवी औषधे अशा रुग्णांना चालत नाहीत.

रुग्णालयात नातेवाइकांना सर्वांत जास्त धास्ती वाटते ती छातीच्या खालच्या भागातून बाहेर आलेल्या बारीक तारांची. त्या तात्पुरत्या पेसमेकरच्या असतात. हृदयातील विजेचा संदेश खालच्या कप्प्यांकडे नेणारा मार्ग महाधमनीच्या झडपेला अगदी लागून जातो, आणि तिथे सूज आली की ठोके फार मंदावू शकतात. अशा वेळी या तारा उपयोगी पडतात. बहुतेकांच्या तारा घरी जाण्यापूर्वी काढल्या जातात. मार्ग काही दिवसांत सुधारला नाही, तर कायमचा पेसमेकर बसवण्याचा विषय निघतो, म्हणून त्याची संमती आणि खर्च याबद्दल घरात आधीच बोलून ठेवणे बरे. ठोके वेगवान झाले तर औषधे, बहुधा अमिओडॅरोन किंवा बीटा ब्लॉकर, दिली जातात; रक्तदाब कोसळू लागला तर रुग्णाला थोडा वेळ झोपवून विजेचा सौम्य झटका देतात.

घरी सोडताना घाई असते, आणि नेमके याच वेळी सर्वाधिक विचारायचे असते. प्रत्येक गोळी किती दिवस घ्यायची, आयएनआर कोणत्या मर्यादेत ठेवायचा, पुढची तपासणी कधी, आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे लिहून घ्यावे. अमिओडॅरोन आणि वॉरफेरिन एकत्र असतील तर आयएनआर वाढू शकतो, म्हणून तपासण्या जवळजवळच्या तारखांना लागतात. डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळी घेऊ नये. शेवटच्या ईसीजीची प्रत मागून घ्यावी. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना तुलनेसाठी तिच्याइतकी उपयोगी वस्तू नाही.

नाडी मोजायला घरातील किमान एका व्यक्तीने ऑपरेशनपूर्वीच शिकावे. मनगटावर पूर्ण 60 सेकंद मोजावे. 15 सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत अनियमित नाडीत फसवते. रक्तदाबाचे डिजिटल यंत्रही अशा वेळी दर वेळी वेगळे आकडे दाखवते. हातातले घड्याळ सूचना देते, पण वहीत लिहिलेली वेळ, नाडी, वजन आणि त्या वेळचा त्रास डॉक्टरांना अधिक कामाचा वाटतो, असे माझे मत आहे. कोणत्या आकड्यावर फोन करायचा, तो आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा, कारण तो प्रत्येकाचा वेगळा असतो.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हातापायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, दम कोंडणे यांपैकी काहीही झाले तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरवर ठीक वाटले तरी तपासून घ्यावे. ताप, किंवा दोन-तीन दिवसांत भराभर वाढलेले वजन यासाठी त्याच दिवशी फोन करावा.

बऱ्याच जणांचे ठोके सहा ते आठ आठवड्यांत आपोआप मार्गावर येतात. मात्र ठोके नियमित वाटू लागले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. वरच्या कप्प्यात गुठळी होण्याचा धोका काही काळ राहू शकतो. गोळ्या कमी करता येतील का आणि त्यासाठी होल्टर तपासणी (अंगावर छोटे यंत्र लावून दिवसभराचे ठोके नोंदवणे) करावी का, हे प्रश्न पहिल्या भेटीच्या तारखेसमोर आताच लिहून ठेवावेत.