व्हाऊचर नाही, तर एन्ट्री नाही : एआयकडून सरकारी आकडे कसे काढून घ्यावेत

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या सोसायटीच्या सिक्युरिटी एजन्सीचं पत्र आलं. ‘कराराच्या कलम 7 प्रमाणे, महागाई निर्देशांकानुसार 6.21 टक्के वाढ देण्यात यावी.’ महिन्याचं बिल 1,12,000 रुपये, म्हणजे वाढ 6,955 रुपये. अध्यक्षांनी पत्र वाचलं, “महागाई तर आहेच” म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. डोंबिवलीतल्या या सोसायटीची मी खजिनदार.

त्याआधी एकतीस वर्षं बँकेत काढली, 2021 मध्ये निवृत्त झाले. बँकेतल्या माणसाला निर्देशांकाचा नाद असतो, कारण आमचा महागाई भत्ता त्यावर हलायचा. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडण्याआधी ‘स्लॅब (म्हणजे भत्त्याच्या वाढीचे टप्पे) किती वाढले?’ हा प्रश्न. त्यामुळे 6.21 बघितल्यावर आकडा ओळखीचा वाटला. ओळखीचा, पण शिळा.

मोबाइलवरच्या एआयला विचारून बघितलं : ‘भारतात ऑक्टोबरची महागाई किती?’ क्षणात उत्तर आलं, 6.21 टक्के. एजन्सीच्या साहेबांनीही हेच केलं असणार. आकडा खोटा नव्हता. तो ऑक्टोबर 2024 चा होता. ऑक्टोबर 2025 चा आकडा होता 0.25 टक्के. म्हणजे 6,955 च्या जागी 280 रुपये.

तेव्हापासून या यंत्राकडून आकडे कसे काढून घ्यायचे याची मी माझ्यापुरती पद्धत बसवली आहे. शेजारच्या दोन सोसायट्यांचे खजिनदार विचारून गेले, म्हणून लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, एआय तीन प्रकारे उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरांचा चेहरा सारखाच असतो. एक, आठवणीतून. त्याला शिकवलं तेव्हा जेवढं वाचलं होतं तेवढंच त्याला ठाऊक, पुढचं नाही. दोन, त्या क्षणी इंटरनेटवर शोधून. यात तो बहुतेक वेळा बातमी उचलतो, मूळ तक्ता नाही. तीन, आपण दिलेल्या फाइलमधून किंवा थेट सरकारी साठ्याला जोडून. आपल्याला हवा तो तिसरा प्रकार. बँकेत एक शिस्त होती : व्हाऊचर, म्हणजे व्यवहाराचा मूळ कागद, ज्यानं बनवलं त्यानं ते पास करायचं नाही. मेकर वेगळा, चेकर वेगळा. एआयला मेकरच्या खुर्चीत बसवा. चेकरची सही आपली.

पण विचारण्याआधी काय हवं आहे ते आपल्याला कळलं पाहिजे, आणि इथेच निम्मा घोळ होतो. ‘महागाई निर्देशांक’ नावाची एकच वस्तू नाही. वर्तमानपत्रात येते ती किरकोळ महागाई, म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. तो केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या 12 तारखेला काढतं. घाऊक किंमत निर्देशांक वाणिज्य मंत्रालयाच्या आर्थिक सल्लागारांचं कार्यालय काढतं, साधारण 14 तारखेला, आणि त्यात फक्त वस्तू असतात, सेवा नसतात. तिसरा औद्योगिक कामगारांचा, श्रम ब्युरोचा. आमचा बँकेचा भत्ता या तिसऱ्यावर. आमच्या कराराच्या कलम 7 मध्ये यातला कुठला, ते लिहिलेलंच नव्हतं! पाच वर्षांपूर्वी ज्या कमिटीनं सही केली, तिच्यात मीही होते, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नाही.

आता आकडा काढायचा. सांख्यिकी मंत्रालयाचं ‘ई-सांख्यिकी’ नावाचं पोर्टल जून 2024 पासून आहे. त्यावर निर्देशांक निवडा, महिने निवडा आणि एक्सेल फाइल उतरवून घ्या. पीडीएफ शक्यतो टाळा. पीडीएफमधल्या तक्त्यात ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे रकाने चिकटून असतात आणि एआय एका रकान्यातून दुसऱ्यात कधी घसरतो ते कळत नाही.

फाइल एआयला दिल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. आधी म्हणा : ‘या फाइलमध्ये किती ओळी आहेत, कोणते रकाने आहेत, पहिला आणि शेवटचा महिना कोणता, पायाभूत वर्ष कोणतं, ते सांग.’ (पायाभूत वर्ष म्हणजे ज्या वर्षाचा निर्देशांक 100 धरलेला असतो ते.) उत्तर फाइल उघडून पडताळा. इथेच तो चुकला तर पुढचं सगळं व्यर्थ, आणि चुकतो कधीकधी.

दुसरी वाट माझ्या भाच्यानं दाखवली. “मावशी, फाइल उतरवत बसू नकोस, पोर्टलच त्याला जोडून देतो,” म्हणाला. मंत्रालयानं एमसीपी सर्व्हर नावाची सोय प्रायोगिक स्वरूपात सुरू केली आहे. सोप्या भाषेत, एआयला सरकारी कपाटाची किल्ली. एआय सहायकाच्या सेटिंगमध्ये कनेक्टर जोडायची जागा असते, तिथे मंत्रालयानं दिलेला पत्ता टाकायचा. काही सहायकांत ही सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळते. मग तो आधी कुठला संच ते ठरवतो, त्यातला निर्देशांक निवडतो, महिना-राज्य-विभागाचे कोड लावतो आणि आकडा आणतो. ग्राहक किंमत निर्देशांक, औद्योगिक उत्पादन, राष्ट्रीय लेखे, श्रमबल सर्वेक्षण असे संच त्यात आहेत. कामगारांचा निर्देशांक मात्र मी श्रम ब्युरोच्या संकेतस्थळावरूनच घेते.

किल्ली दिली म्हणजे तो बरोबर कप्पा उघडेल असं नाही. म्हणून प्रश्न मी असा घालते, अगदी पे-इन स्लिप भरल्यासारखा :

‘ग्राहक किंमत निर्देशांक, सर्वसाधारण, अखिल भारतीय, ग्रामीण आणि शहरी एकत्रित, पायाभूत वर्ष 2012. ऑक्टोबर 2023, ऑक्टोबर 2024 आणि ऑक्टोबर 2025 चे फक्त निर्देशांक दे. टक्के काढू नकोस. प्रत्येक आकडा कुठून घेतलास आणि तो तात्पुरता की अंतिम, ते शेजारी लिही. सापडला नाही तर “सापडला नाही” लिही, अंदाज करू नकोस.’

‘टक्के काढू नकोस’ हे वाक्य महत्त्वाचं. निर्देशांक हे व्हाऊचर आणि टक्के ही एन्ट्री. आले ते आकडे असे : 185.3, 196.8, 197.3. आता कॅल्क्युलेटर घ्या. 197.3 वजा 196.8 म्हणजे 0.5. त्याला 196.8 ने भागून शंभरने गुणा : 0.25. आदल्या वर्षीचे 196.8 वजा 185.3 म्हणजे 11.5, भागिले 185.3, गुणिले शंभर : 6.21. एजन्सीचा आकडा कुठून आला ते इथे उघड झालं. हिशोब लांबलचक असेल तर एआयला तो एक्सेलच्या सूत्रात मांडायला सांगा, म्हणजे तपासता येतो. तोंडी हिशोबात तो अजूनही गडबडतो, आणि गडबडला तरी आवाज तोच ठाम.

कमिटीच्या बैठकीत मी हे तीन आकडे फळ्यावर लिहिले. एक सभासद म्हणाले, “म्हणजे महागाई संपली?” त्यांनीही एआयला विचारलं होतं. त्यानं लिहून दिलं होतं की ‘महागाई 96 टक्क्यांनी घसरली’. दर 6.21 वरून 0.25 वर आला, म्हणजे 5.96 टक्के-बिंदूंनी कमी झाला. किंमती घसरल्या नाहीत, वाढायच्या जवळजवळ थांबल्या. निर्देशांक अर्ध्या अंकानं वरच आहे.

आणि थांबल्या त्या कशामुळे? तेव्हाच्या प्रसिद्धिपत्रकांप्रमाणे ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या वर्षभरात 42.18 टक्क्यांनी महागल्या होत्या आणि ऑक्टोबर 2025 मध्ये वर्षभरात 27.57 टक्क्यांनी स्वस्त झाल्या. आता गंमत बघा. हे दोन आकडे देऊन ‘दोन वर्षांत भाजी किती महागली?’ असं मी मुद्दाम विचारलं. उत्तर आलं, साधारण साडेचौदा टक्के. बेरीज-वजाबाकी करून मोकळा झाला. खरं म्हणजे 100 रुपयांची भाजी 142 ची झाली आणि त्या 142 वर 27.57 टक्के उतरले, म्हणजे 103. दोन वर्षांत फक्त तीन टक्के. टक्क्यांवर टक्के आले की बेरीज नाही, गुणाकार. व्याजावर व्याज लावणाऱ्या बँकेत आयुष्य गेल्यामुळे हे मला लगेच दिसलं, पण त्याला टोकल्यावरच त्यानं चूक कबूल केली, तीही भलतीच गोड भाषेत.

तर 280 रुपये वाढ द्यायची का? कलमाप्रमाणे बरोबर होतं, पण मला पटेना. रात्री गेटवर बसणाऱ्या माणसाची मजुरी भाजीच्या भावानं का ठरावी? 2012 पायाभूत वर्षाच्या त्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, 45.86 टक्के होता, त्यामुळे भाजी पडली की सगळा निर्देशांक तिच्या मागे जातो. शिवाय महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तोही कामगारांच्या निर्देशांकावरून. म्हणजे गार्डच्या पगारासाठी एजन्सीनं पत्रात लावलेला निर्देशांक मुळातच चुकीचा. एआयला आकडा विचारता येतो, हे विचारता येत नाही. विचारलं तर तो दोन्ही बाजूंनी छान बोलतो. शेवटी आम्ही पगाराचा भाग विशेष भत्त्याला बांधला आणि एजन्सीच्या सेवाशुल्कापुरताच ग्राहक किंमत निर्देशांक ठेवला, तोही एका महिन्याचा नाही, बारा महिन्यांच्या सरासरीचा. साहेबांनी थोडी कुरकुर केली, मग सही केली.

बेरोजगारीच्या आकड्यांचं थोडक्यात सांगते, कारण भाच्याच्या मुलीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी ते लागले होते. तिच्या एआयनं एका परिच्छेदात 3.2 टक्के लिहिले, दुसऱ्यात 5.1, आणि वर ‘बेरोजगारी वाढली’ असा निष्कर्ष. 3.2 हा 2023-24 चा, वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून मोजलेला. 5.1 हा एप्रिल 2025 चा, चालू आठवड्याच्या स्थितीवरून मोजलेला, मासिक आकडेवारी सुरू झाली त्या पहिल्या पत्रकातला. दोन वेगळ्या फुटपट्ट्या. ‘हे दोन आकडे एकाच पद्धतीनं मोजलेत का?’ एवढा एक प्रश्न तिनं टाकला आणि त्यानं स्वतःचा निष्कर्ष मागे घेतला.

आता सगळ्यात मोठा खड्डा. 12 फेब्रुवारी 2026 ला ग्राहक किंमत निर्देशांकाची नवी मालिका आली. पायाभूत वर्ष 2012 च्या जागी 2024. खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार 36.75 वर आला. जुन्या मालिकेचा आकडा दोनशेच्या जवळ, नव्याचा शंभराच्या थोडा वर. एआयला नुसतं ‘ऑक्टोबर 2025 ते जानेवारी 2026’ विचारलंत आणि त्यानं एक आकडा जुन्या तक्त्यातून, दुसरा नव्यातून उचलला, तर कागदावर देशातल्या किंमती निम्म्या होतील. इतकी मोठी चूक कुणाच्याही डोळ्यांत भरेल. पण मधल्या महिन्यांच्या सरासरीत ती लपली तर नाही भरणार, आणि आमची सरासरी तर बारा महिन्यांची.

उपाय जोडगुणकाचा, म्हणजे नव्या मालिकेचा आकडा ज्यानं गुणला की जुन्या मालिकेवर येतो त्या गुणकाचा. बँकेत आम्ही याच्यावर जगलो. आमचा भत्ता कितीतरी वर्षं 1960 च्या मालिकेवर मोजला जायचा. ब्युरो 2016 च्या मालिकेचा आकडा द्यायचा, मग त्याला 2.88 ने गुणायचं, म्हणजे 2001 ची मालिका. पुन्हा 4.63 ने, म्हणजे 1982 ची. पुन्हा 4.93 ने, म्हणजे 1960 ची. निवृत्तीच्या आधीचे शेवटचे काही महिने हा गुणाकार मी रोजच्या पोथीसारखा केला आहे. तेव्हा नवीन मालिका आल्यावर एआयला दोन ओळी जास्त लिहा : ‘सगळे महिने एकाच पायाभूत वर्षावर आण. कुठला जोडगुणक वापरलास, तो अधिकृत आहे की तू काढलास, ते लिही.’ स्वतः काढलेला असेल तर तो खोडायचा आणि मंत्रालयाचा घालायचा.

बाकी किरकोळ सवयी. तिमाही विचारताना महिन्यांची नावं लिहा, कारण आपली पहिली तिमाही एप्रिल ते जून आणि त्याच्या डोक्यात जानेवारी ते मार्च असू शकते. कोटी लिहा आणि कोटीतच उत्तर मागा. दशलक्षाचं कोटीत रूपांतर करताना एक शून्य इकडचं तिकडे झालेलं मी दोनदा पकडलं आहे. तात्पुरते आकडे पुढच्या महिन्यात बदलतात, म्हणून कागदावर आकड्याशेजारी तो कुठल्या दिवशी घेतला ते लिहा. माझी त्यासाठी एक वही आहे. 12 तारखेला चार वाजता आकडा जाहीर होतो, मी चहा झाला की वहीत उतरवते.

सिक्युरिटीच्या नव्या करारातलं कलम आता असं आहे : ‘सेवाशुल्कातील वाढ सांख्यिकी मंत्रालयाच्या अखिल भारतीय, एकत्रित, सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मागील बारा महिन्यांच्या सरासरीची त्याआधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीशी तुलना करून ठरेल. पायाभूत वर्ष बदलल्यास मंत्रालयाने जाहीर केलेला जोडगुणक वापरला जाईल.’ हा मसुदा एआयनं केला, मी तीनदा परत पाठवला. पहिल्या मसुद्यात ‘एकत्रित’ हा शब्द नव्हता.

परवा लिफ्टच्या देखभाल कंपनीचं पत्र आलंय. तिच्या करारात ‘घाऊक किंमत निर्देशांकानुसार’ आहे, आणि बिलातला मोठा भाग मेकॅनिकच्या मजुरीचा. वही काढून ठेवली आहे.