वर्डप्रेसची साइट आधी आपल्याच संगणकावर कशी उभी करावी

वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, थेट सर्व्हरवर बांधायला घेतलं की प्रत्येक प्रयोग चारचौघांत होतो. थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) बदलली आणि पान पांढरंफटक पडलं, तर ते बघणारे तुमच्याआधी फोन करतात. त्यापेक्षा साइट आपल्या लॅपटॉपवर उभी करावी, हवी तशी मोडावी, पुन्हा जोडावी आणि जमली की सर्व्हरवर न्यावी. होस्टिंगचे (सर्व्हरवरच्या जागेचे) पैसे नाहीत, डोमेन नाही, आणि फायली एकदा उतरवल्या की इंटरनेटही फारसं लागत नाही.

मात्र 'लोकल आहे, काहीही चालतं' हा समज महागात पडतो. लोकल साइटच्या डेटाबेसमध्ये जे बसतं, म्हणजे वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, पानांचे पत्ते, गंमत म्हणून टिक केलेला एखादा पर्याय, ते सगळं पुढे सर्व्हरवर जातं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: हे उद्या लोकांसमोर गेलं तर चालेल का?

उदाहरणासाठी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची मराठी साइट धरू. संगणक विंडोजचा, साधन झॅम्प. फायलींची आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत, संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

झॅम्पच का?

वर्डप्रेस पीएचपी भाषेत लिहिलेलं आहे आणि ब्राउझरला पीएचपी कळत नाही. त्यामुळे ब्राउझरला पानं पुरवणारा वेब सर्व्हर, पीएचपी चालवणारा दुभाषी आणि मजकूर साठवणारा डेटाबेस अशा तीन गोष्टी लागतात. झॅम्पमध्ये तिन्ही एकत्र मिळतात: अपाची, पीएचपी आणि मारियाडीबी. (झॅम्पच्या पॅनेलवर पाटी 'मायएसक्यूएल' या दुसऱ्या डेटाबेसची असते, पण २०१५ पासून आत मारियाडीबी आहे. वर्डप्रेसला दोन्ही चालतात.)

'लोकल' नावाचं एक ॲप आहे, त्यात दोन-चार क्लिकमध्ये साइट तयार होते. नुसती थीम बघायची असेल तर 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' ब्राउझरमध्येच चालतं. डॉकर (सर्व्हरची सगळी सामग्री एका डब्यात बांधून चालवणारं साधन) येत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तरीही पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी झॅम्पच सुचवतो. त्यात डेटाबेस स्वतः बनवावा लागतो, फायली स्वतः ठेवाव्या लागतात, आणि होस्टिंग घेतल्यावर तिथेही बहुधा हाच पीएचपीमायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) समोर येतो. तेव्हा तो अनोळखी वाटत नाही.

बसवणं आणि सुरू करणं

झॅम्प ते बनवणाऱ्या 'अपाची फ्रेंड्स'च्याच साइटवरून घ्या. होस्टिंग आधीच ठरलेलं असेल तर तिथली पीएचपीची आवृत्ती विचारा आणि तिच्या जवळची आवृत्ती असलेलं झॅम्प निवडा. जागा विचारली की सी ड्राइव्हच्या मुळातच 'झॅम्प' फोल्डर राहू द्या. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकलंत तर विंडोजच्या परवानग्या आड येतात, इन्स्टॉलरही तसा इशारा देतो. घटकांच्या यादीत अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी आणि पीएचपीमायॲडमिन पुरे. फाइलझिला, मर्क्युरी, टॉमकॅट यांच्या खुणा काढून टाका.

झॅम्पचं कंट्रोल पॅनेल उघडा आणि अपाची व मायएसक्यूएलसमोरचं 'स्टार्ट' दाबा. दोन्ही नावांमागे हिरवा रंग आला, ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' (आपल्याच संगणकाचा पत्ता) टाइप केल्यावर झॅम्पचं स्वागताचं पान आलं, की पुढे जा.

हिरवा रंग येऊन लगेच गेला तर बहुतेक वेळा पोर्टचं, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून गाठायच्या क्रमांकित दाराचं, भांडण असतं. अपाचीला ८० क्रमांकाचं पोर्ट लागतं आणि ते आधीच कुणीतरी अडवलेलं असतं. पॅनेलवरचं 'नेटस्टॅट' बटण दाबलं की कोण बसलंय ते दिसतं. विंडोजची 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' असेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन थांबवा. अपाचीचं पोर्ट बदलून ८०८० करा, असा सल्लाही सर्रास मिळतो. तो चुकीचा नाही. फक्त मग तो आकडा प्रत्येक पत्त्यात येतो आणि डेटाबेसमध्ये जागोजागी जाऊन बसतो. शक्य असेल तर ८० मोकळं करणंच बरं. मायएसक्यूएल ३३०६ वर अडलं, तर पूर्वी कधी वेगळं बसवलेलं मायएसक्यूएल मागे चालू आहे का ते बघा.

डेटाबेस

'लोकलहोस्ट', तिरपी रेघ, 'पीएचपीमायॲडमिन' असा पत्ता टाका. डावीकडे 'न्यू' दाबून डेटाबेसला नाव द्या: वाचनालय, रोमनमध्ये, लहान अक्षरांत. शेजारी 'कोलेशन'ची (अक्षरं साठवायच्या आणि जुळवायच्या पद्धतीची) यादी असते, तिथे 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' निवडा. यादीत 'लॅटिन१' ने सुरू होणारे पर्याय दिसतील. तसा डेटाबेस असला की मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहू शकते. साध्या 'यूटीएफ८' मध्ये देवनागरी मावते, कारण आपल्या अक्षराला तीन बाइट लागतात. इमोजीला मात्र चार लागतात, आणि वाचनालयाच्या सूचनेत कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकणारच.

वर्डप्रेसच्या फायली

वर्डप्रेसची झिप उतरवून उलगडा. आतलं 'वर्डप्रेस' फोल्डर झॅम्पच्या 'एचटीडॉक्स'मध्ये ठेवा आणि त्याला 'वाचनालय' असं रोमन नाव द्या. उलगडताना फोल्डरात पुन्हा तेच फोल्डर तयार होतं, ते तपासा. नव्या फोल्डरात थेट 'डब्ल्यूपी-ॲडमिन', 'डब्ल्यूपी-कंटेंट' आणि 'डब्ल्यूपी-इन्क्लूड्स' दिसायला हवेत.

आता 'लोकलहोस्ट/वाचनालय' उघडा. भाषांच्या यादीत मराठी आहे, ती निवडा. पुढे डेटाबेसचा तपशील: नाव 'वाचनालय', वापरकर्ता 'रूट', पासवर्ड रिकामा, होस्ट 'लोकलहोस्ट'. झॅम्पचं हे मुळातलंच रूप आहे. बिनपासवर्डचा रूट फक्त आपल्या यंत्रापुरता ठीक.

शेवटच्या पडद्यावर जरा थांबा, कारण इथलं सगळं पुढे जाणार आहे. वापरकर्त्याचं नाव 'ॲडमिन' ठेवू नका, हल्ला करणारे तेच आधी टाकून बघतात. पासवर्ड आत्तापासून पक्का ठेवा, 'नंतर बदलू' म्हणून ठेवलेला १२३४५६ सर्व्हरपर्यंत जातो. सर्च इंजिनांना परावृत्त करण्याच्या चौकटीत टिक करू नका. तुमच्या लॅपटॉपवर गुगल तसंही पोचत नाही, पण ती टिक साइटबरोबर गेली तर 'आपली साइट सापडत का नाही' याचा शोध पुढे घेत बसावा लागतो.

ईमेलचा पत्ता खरा द्या, मेल मात्र येणार नाही. झॅम्प जसं आहे तसं मेल पाठवत नाही. पासवर्ड विसरलात तर पीएचपीमायॲडमिनमध्ये 'डब्ल्यूपी_यूजर्स' तक्ता उघडा, आपली ओळ संपादित करा, 'यूजर_पास'समोर फंक्शन म्हणून 'एमडी५' निवडा, नवा पासवर्ड लिहा आणि जतन करा.

मराठी साइटसाठी खास

सेटिंग्जमध्ये टाइमझोन 'कोलकाता' निवडा, यादीत मुंबई शोधत बसू नका. मग पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक पानाचा कायमचा पत्ता. तिथे 'पोस्ट नेम'चा पर्याय चांगला, पण मराठी शीर्षकाचं काय होतं ते कळायला हवं.

पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या सांकेतिक रूपात जातं आणि नऊ रोमन चिन्हांची जागा घेतं. काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह. पत्त्याच्या या तुकड्यासाठी वर्डप्रेसच्या तक्त्यात २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम २२ देवनागरी चिन्हं. 'वाचनालयाचा वार्षिक अहवाल' हे शीर्षक मोजा: २२ चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा, बरोबर २००. पुढे वर्ष लिहिलंत तर ते पत्त्यात येतच नाही, आणि दुसऱ्या वर्षीचा अहवाल टाकला की त्याच पत्त्याला नुसता '-२' चिकटतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यात बहुधा टक्क्यांची माळ दिसते, ती वेगळीच. उपाय सोपा आहे: प्रत्येक पानाचा पत्ता प्रकाशित करण्याआधी हाताने, रोमन लिपीत, थोडक्यात लिहा. ही सवय लोकल साइटवरच लावावी, कारण पत्ते लोकांत फिरायला लागले की बदलणं जिवावर येतं.

दुसरी गोष्ट अक्षरांची. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात, शीर्षकाच्या ओळी एकमेकींना घासून बसवतात. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले की वरचा भाग कापला जातो किंवा वरच्या ओळीतल्या उकारात अडकतो. 'मूर्तींपुढे' असे शब्द असलेलं दोन ओळींचं शीर्षक टाकून बघा आणि ओळींची उंची वाढवा. ब्लॉक थीममध्ये २०२४ सालच्या ६.५ आवृत्तीपासून फॉन्ट लायब्ररी आहे. तिथून मुंबईच्या, फॉन्ट बनवणाऱ्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' हा फॉन्ट बसवता येतो. फॉन्टच्या फायली साइटच्याच फोल्डरात उतरतात, म्हणून इंटरनेट बंद असतानाही अक्षरं तशीच दिसतात.

मोडतोड करायची मोकळीक

'डब्ल्यूपी-कॉन्फिग' ही फाइल सर्व्हरवर जात नाही, तिथली वेगळी असते. तिच्यात हवं ते करा. 'डब्ल्यूपी_डीबग' ची किंमत 'ट्रू' करा आणि त्याखाली 'डब्ल्यूपी_डीबग_लॉग'ची ओळ घालून तीही 'ट्रू' ठेवा. मग पान पांढरं पडलं तर कारण 'डब्ल्यूपी-कंटेंट'मधल्या 'डीबग' नावाच्या नोंदवहीत सापडतं. मोठी फाइल अपलोड होत नसेल तर पॅनेलवर अपाचीसमोरच्या 'कॉन्फिग'मधून 'पीएचपी.आयएनआय' उघडा, 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' आणि 'पोस्ट_मॅक्स_साइझ' दोन्ही वाढवा आणि अपाची थांबवून पुन्हा सुरू करा.

काम संपलं की मायएसक्यूएल 'स्टॉप' करून मगच संगणक बंद करावा. डेस्कटॉपवर काम करताना वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला, तर पुढच्या वेळी 'अनपेक्षितपणे बंद पडलं' असा लाल संदेश येऊ शकतो. म्हणून अधूनमधून पीएचपीमायॲडमिनमधून डेटाबेस 'एक्स्पोर्ट' करा आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. मायएसक्यूएलच्या डेटामधलं आपल्या डेटाबेसचं फोल्डर नुसतं उचलून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे. तक्त्यांची बरीच माहिती त्या फोल्डराच्या बाहेरच्या सामायिक फायलीत असते.

सर्व्हरवर नेताना

तिकडे वर्डप्रेस बसवलेलं असलं की एक्स्पोर्ट केलेला डेटाबेस तिकडच्या पीएचपीमायॲडमिनमध्ये 'इम्पोर्ट' करायचा, 'डब्ल्यूपी-कंटेंट' चढवायचं आणि तिकडच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मध्ये तिकडचा तपशील भरायचा. 'डब्ल्यूपी_ऑप्शन्स' तक्त्यातल्या 'साइटयूआरएल' आणि 'होम' या ओळींत नवा पत्ता लिहायचा. मजकुरातले, चित्रांचे जुने पत्ते अजून लोकलहोस्टकडेच बोट दाखवत असतात. एक्स्पोर्टची फाइल नोटपॅडमध्ये उघडून 'शोधा आणि बदला' करायचा मोह इथे होतो. तो आवरा. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग्ज साठवताना मजकुराशेजारी त्याची लांबीही लिहून ठेवतं. २७ चिन्हांच्या पत्त्याजागी ३१ चिन्हांचा आला आणि शेजारचा आकडा २७ च राहिला, की ती सेटिंग वाचताच येत नाही. विजेट किंवा थीमची मांडणी गायब होते. 'बेटर सर्च रिप्लेस' सारखं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) आकडाही बदलतं.

सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो आणि त्याला लहान-मोठ्या रोमन अक्षरांतला फरक कळतो. विंडोजवर दिसणारं चित्र तिथे दिसेनासं झालं तर आधी फाइलच्या नावातली अक्षरं बघा. मुखपृष्ठ उघडतं पण आतली पानं 'सापडलं नाही' म्हणतात, तेव्हा सेटिंग्जमधल्या पर्मालिंकच्या पानावर जाऊन काहीही न बदलता 'जतन करा' दाबा. पत्त्यांचे नियम 'एचटीॲक्सेस' या फाइलमध्ये असतात. लोकलची जुनी फाइल बरोबर गेली असेल तर तिच्यात अजून 'वाचनालय' हे उपफोल्डर लिहिलेलं असतं, ते यामुळे नव्याने लिहिलं जातं.