क्लच-गिअरचा सराव उभ्या गाडीत करा, क्लासचे पैसे वाचतील

मोठेपणी गाडी शिकताना क्लासचा बराच वेळ क्लच-गिअरच्या गोंधळातच जातो. घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे संपतात, तरी हात बसत नाही. हा भाग घरच्या किंवा ओळखीच्यांच्या उभ्या गाडीत फुकट पक्का होतो.

१. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक पूर्ण ओढलेला.

२. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, अशी सीट सरकवा.

३. क्लच दाबून पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. नजर समोरच ठेवा, दांड्याकडे अजिबात बघू नका. तोंडाने "क्लच, गिअर, हळू सोड" म्हणत राहा. पायाला क्रम लवकर कळतो, मला तरी कळला. रोज दहा मिनिटं पुरेत.

मग क्लासचा वेळ चढावर गाडी उचलणं, रिव्हर्स, रहदारी यांसाठी मागून घ्या. शक्यतो लागोपाठ दिवस जा. खंड पडला की तेच पुन्हा पैसे देऊन शिकावं लागतं.

सराव संपवून गाडीतून उतरताना गिअर न्यूट्रलला आणायला विसरू नका. नाहीतर पुढचा माणूस क्लच न दाबता किल्ली फिरवतो आणि गाडी पुढे उडी घेते.