परसातल्या शेडची घरगुती राखण

बडोद्यात मांजलपूरला आमच्या शेजारच्या काकांच्या शेडमधून पाण्याची मोटर गेली, तेव्हा कुलूप जागच्या जागी लटकत होतं. चांगलं जाडजूड पितळी कुलूप. चोराने त्याला हातसुद्धा लावला नव्हता, कोयंड्याचे चार स्क्रू फिरवून काढले होते. म्हणून नवं कुलूप आणण्याआधी दार लावून बाहेर उभे राहा आणि बघा: एखाद्या स्क्रूचं डोकं दिसतंय का?

दिसलं तर आधी तेच काम. कोयंडा आणि बिजागरीचे स्क्रू काढा, भोकं ड्रिलने मोठी करून आरपार बोल्ट घाला. गुळगुळीत गोल डोकं बाहेर, वॉशर आणि नट आत. दार पत्र्याचं असेल तर नटाखाली लोखंडी पट्टी हवीच, नाहीतर पहार लावली की पत्राच फाटतो. बिजागरीची खिळी बाहेरून ठोकून काढता येत असेल, तर वेल्डिंगवाल्याकडून तिच्या दोन्ही टोकांना टिपका मारून घ्या.

आता बजर. कपडे वाळत घालायचा चिमटा, बाद झालेल्या एटीएम कार्डाची पट्टी, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तेवढ्यावर वाजणारा बजर, छोटा स्विच आणि वायर, एवढंच सामान. चिमट्याच्या दोन्ही जबड्यांवर उघड्या तांब्याच्या तारेचे चार-पाच वेढे द्या, चिमटा मिटला की ते एकमेकांना टेकले पाहिजेत. बॅटरीची लाल वायर स्विचमधून एका जबड्याला, दुसऱ्या जबड्यातून बजरच्या लाल वायरला, आणि बजरची काळी परत बॅटरीला. वाजला? मग जबड्यात कार्डाची पट्टी सरकवा, गप्प होईल.

चिमटा आतून चौकटीला पक्का करा. पट्टीला भोक पाडून तिची दोरी दाराला बांधा. उत्तरायणाच्या फिरकीवर उरलेली दोरी चालते, पण मांजा न लावलेली सादी घ्या, बोटं वाचतील. दार वीतभर उघडलं की पट्टी निसटते आणि बोंब सुरू. चोराने घाबरून दार परत ओढलं तरी थांबत नाही. चुंबकाचे स्वस्त अलार्म इथेच बरेचदा गप्प बसतात. स्विच मात्र बाहेर, वळचणीखाली लपवा, नाहीतर रोज सकाळी झारी घ्यायला गेलात की अख्खी सोसायटी धावत येईल.

नुसती वाट बघताना या जोडणीतून करंट वाहत नाही, त्यामुळे बॅटरी बरीच टिकते. तरी महिन्यातून एकदा वाजवून पाहा; पावसाळ्यात तारेवर हिरवं चढतं, ते पॉलिश पेपरने घासा. बॅटरी डोक्याच्या उंचीवर ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं होतं ते बडोदेकरांना सांगायला नको.

दाराला किंवा कुंपणाला घरातला करंट सोडायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. त्यात माणूस मरतो, आणि जेलमध्ये आपण जातो. शिडी शेडबाहेर सोडू नका, तिच्यावरून चोर थेट गच्चीत.

नवरात्रात हा बजर कुचकामी. गरब्याच्या लाउडस्पीकरपुढे त्याचं कोण ऐकणार? त्या नऊ रात्री मी मोटर सरळ उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवतो.