दहावीच्या गणिताची धास्ती कशी उतरवायची

कापूस वेचणीत शाळा बुडते, मधला धागा तुटतो आणि पोरगं म्हणतं, 'मले गणित जमतच नाही.' आधी ते नेमकं कुठं अडलं ते शोधा. बहुधा ती जागा दहावीत नसतेच. अपूर्णांक, ऋण चिन्ह, पक्षांतर (समीकरणात पद दुसऱ्या बाजूला नेणं), म्हणजे सहावी ते आठवीत असते. रोज 20 मिनिटं तेवढंच करून घ्या. सुरुवातीला घड्याळ लावू नका. आकडे डोक्यात धरून ठेवायची ताकद काळजीतच खर्च होते, मग येणारी वजाबाकीही चुकते.

वेळ लावून सराव शेवटच्या महिन्यात. बोर्डाचे दोन पेपर: भाग 1 (बीजगणित) आणि भाग 2 (भूमिती), प्रत्येकी 40 गुण, 2 तास. प्रत्येक पेपरात पहिले दोन प्रश्न मिळून 20 गुणांचे. ते आधी, साधारण 45 मिनिटांत. तीन मिनिटं अडलं की जागा सोडून पुढं. पायऱ्यांना गुण असतात, म्हणून उत्तर येत नसलं तरी सूत्र लिहून किमती घालायच्याच.

हात थरथरले तर पेन खाली. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच वेळा.

आणि गुरुजी, चुकलेल्याला फळ्यासमोर उभं करणं बंद करा. त्यानं गणित सुधारत नाही, पोरगं फक्त मागच्या बाकावर सरकतं.