कपाशीची फवारणी आणि बायोडायनॅमिक शेतीची तयारी : भाद्रपद-आश्विनसाठी सल्ला

पावसाने उघडीप दिली की विदर्भातील कपाशीच्या शिवारात फवारणीची घाई सुरू होते. सप्टेंबरअखेर पीक पाते, फुले आणि हिरवी बोंडे अशा तिन्ही अवस्थांत असते, गुलाबी बोंडअळीचे पतंग उडू लागलेले असतात आणि त्यातच ऑक्टोबरचे ऊन तापू लागते. २०१७ साली याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी पुरुषभर उंच वाढली होती, त्यामुळे नोझलमधून निघणारे तुषार फवारणाऱ्याच्या तोंडावर आणि छातीवर येत होते. शिवाय दोन-तीन कीटकनाशके एकाच पंपात मिसळण्याची सवय सर्वत्र पडलेली होती. यंदा पंप पाठीवर घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या शेतातील अळी मोजावी, एवढा आमचा पहिला आग्रह आहे.

मोजणीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे) पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट उंच लावावेत आणि सापळ्यात अडकलेले पतंग दररोज सकाळी मोजून काढून टाकावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग आले, तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजावे. सापळ्यावरच विसंबून न राहता आठवड्यातून एकदा शेतात तिरके फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडावीत व फोडून पाहावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही, कारण लहान अळी कोवळ्या बोंडात शिरली की तिने पाडलेले छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून अगदी निरोगी दिसते. फोडल्यावर आत एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेलेले भोक, डागाळलेली रुई आणि पांढुरकी किंवा गुलाबी अळी सापडते. विसापैकी दोन बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान आढळले, म्हणजेच प्रादुर्भाव दहा टक्क्यांवर गेला, तर फवारणीचा विचार करावा. फुलांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी डोमकळी आढळली की ती जागीच तोडून नष्ट करावी. ती बांधावर टाकू नये.

नुकसानीची पातळी गाठलेली नसताना पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण द्रावण शंभर लिटर करून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. या अर्कामुळे पतंगाचे अंडी घालणे कमी होते आणि लहान अळीची वाढ खुंटते. बोंडाच्या आत शिरलेल्या अळीवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, ही मर्यादा आधीच लक्षात ठेवावी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे हंगामात लवकर फवारली, तर ढालकिडा आणि क्रायसोपा हे मित्रकीटक मरतात आणि मागाहून पांढरी माशी भडकते. एका फवारणीतून दुसरी फवारणी जन्माला येते, ती अशी.

रासायनिक फवारणी अटळच झाली, तर डब्यावरील त्रिकोण प्रथम पाहावा. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम विषारी आणि हिरवा त्यामानाने कमी विषारी औषधासाठी असतो. हिरवा रंग म्हणजे निर्धोक असा अर्थ कोणीही घेऊ नये. लेबलवर कपाशीसाठी शिफारस असलेले एकच औषध, लेबलवर दिलेल्या मात्रेत वापरावे. कृषी केंद्रावर 'हे दोन मिसळून मारा' असे तोंडी सांगितले गेले, तरी मिश्रणाची शिफारस लेबलवर नसेल तर ते करू नये, आणि पक्के बिल घेतल्याशिवाय दुकानातून उठू नये.

फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर, वाऱ्याच्या दिशेने चालत करावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क आणि पायांत बूट ही साधने फवारणाऱ्याला पुरवण्याची जबाबदारी शेतमालकाची आहे, मग तो सालगडी असो की रोजंदार. चोंदलेले नोझल तोंडाने फुंकणे आणि हात न धुता खर्रा मळून तोंडात टाकणे, या दोन गोष्टी आजही बहुतेक शिवारांत रोज दिसतात आणि विष थेट पोटात नेतात. ड्रममधले द्रावण ढवळण्याचे काम पुष्कळदा पाणी वाहणाऱ्या बाईकडे येते व ती कोपरापर्यंत हात घालून ते करते; ढवळायला लांब काठीच वापरावी. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, कारण तिथे ते पुन्हा घरातल्या स्त्रियांच्याच हाती लागतात.

याच संदर्भात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कपाशीच्या ओळींमध्ये आणि कडेने घरापुरती बरबटी, आंबाडी, चार टमाट्यांची झाडे लावलेली असतात. कपाशीवर मारलेले औषध या भाजीवर पडते आणि दुसऱ्याच दिवशी ती घरच्या भांड्यात शिजते. बाजारातल्या भाजीवरील अवशेषांची चर्चा आपण करतो, पण शेतकऱ्याच्या लेकरांच्या ताटात येणारी ही भाजी कोणत्याच तपासणीत येत नाही. घरची भाजी फवारणीच्या टप्प्याबाहेर, विहिरीजवळ किंवा परसात लावावी आणि यंदा कपाशीत असलेली फवारलेली भाजी खाऊ नये.

मळमळ, अंधुक दिसणे, तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम येणे किंवा स्नायू फडफडणे यांपैकी काहीही जाणवले, तर काम थांबवून रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे काढून अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरगुती उतारे करण्यात वेळ दवडू नये, उलटी करवू नये. औषधाचा डबा किंवा लेबल डॉक्टरांकडे न्यावेच, कारण ऑर्गेनोफॉस्फेट गटावर अॅट्रोपिन हा उतारा आहे, तर डायफेन्थियुरॉनसारख्या औषधावर खास उतारा नाही. उपचार कोणते करायचे हे त्या डब्यावरून ठरते.

रासायनिक फवारणीच्या या चक्रातून हळूहळू बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी आश्विन महिना महत्त्वाचा आहे. बायोडायनॅमिक शेती, म्हणजे शेताला एक सजीव एकक मानून शेण, कंपोस्ट आणि चंद्राच्या गतीनुसार केलेल्या खास तयारींवर चालणारी सेंद्रिय पद्धत; तिची मांडणी ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली त्या वेळच्या जर्मनीतील कोबरविट्झ येथे दिलेल्या आठ व्याख्यानांतून झाली. तिच्यातील शिंगखत, म्हणजे 'बीडी ५००', भारतात नवरात्राच्या सुमारास पुरले जाते. व्यालेल्या गाईच्या शिंगांत दुभत्या गाईचे ताजे शेण भरून ती पाणी न साचणाऱ्या, चांगल्या मातीच्या खड्ड्यात दीड फूट खोल ठेवतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. एकरी पंचवीस ग्रॅम खत साधारण तेरा लिटर पाण्यात तासभर, आलटून पालटून दोन्ही दिशांनी भोवरा पाडत ढवळून संध्याकाळी जमिनीवर शिंपडतात.

शिंगखतामागील चंद्र आणि वैश्विक शक्तींच्या कल्पनांना पक्का वैज्ञानिक आधार मिळालेला नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. पंचवीस ग्रॅम खताने कपाशीचे पोषण होत नाही आणि बोंडअळीही जात नाही. या पद्धतीची खरी ताकद तिच्या बाकीच्या शिस्तीत आहे: शेतावरच जनावरे, भरपूर कंपोस्ट, द्विदल पिकांसह फेरपालट आणि बाहेरच्या निविष्ठांवर (विकत आणलेल्या खते-औषधांवर) कमीत कमी भिस्त. स्वित्झर्लंडमधील थेरविल येथे १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि पारंपरिक शेतीची शेजारी-शेजारी तुलना चालू आहे. तिचे एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सेंद्रिय पद्धतींचे उत्पादन सरासरी वीस टक्के कमी, तर कीटकनाशकांचा वापर सत्त्याण्णव टक्के कमी आढळला आणि मातीतील गांडुळे व सूक्ष्मजीव अधिक मिळाले. तिथली हवा आणि पिके वेगळी आहेत, परंतु उत्पादनातील तूट गृहीत धरूनच हिशेब मांडावा, हा धडा आपल्यालाही लागू पडतो. म्हणून सगळी शेती एकदम न बदलता आधी एखादा एकर वेगळा काढावा आणि आत्ताच तिथे कंपोस्टचा ढीग लावण्यास सुरुवात करावी. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांसाठी रूपांतराचा काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा काळ, दोन वर्षांचा असतो. त्या काळातील प्रत्येक निविष्ठेची नोंद वहीत तारखेसह ठेवावी.

ज्या शेतात बीटी (जनुकीय बदल केलेली) कपाशी आहे, तिथे डिसेंबरअखेर पीक काढून घ्यावे आणि फरदड (वेचणी संपल्यावर तेच पीक पाणी देऊन पुढे राखणे) घेऊ नये, कारण गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते ती याच उभ्या पऱ्हाटीवर. जनुकीय बदल केलेले बियाणे सेंद्रिय प्रमाणीकरणात चालत नाही, म्हणून वेगळ्या काढलेल्या एकरासाठी बियाण्याची सोय याच वेचणीपासून करावी लागेल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची 'एकेए ७' सारखी देशी वाणे ज्यांच्याकडे उभी आहेत, त्यांच्याशी आत्ताच बोलणी करावी. देशी कपाशीत २६ आणि बीटी संकरित कपाशीत ५२ गुणसूत्रे असल्याने शेतात त्यांचा संकर सहजी होत नाही. भेसळ होते ती बहुधा साठवणीत आणि जिनिंगमध्ये. त्यामुळे बियाण्यासाठीचा कापूस कोरड्या दिवशी, पूर्ण फुटलेल्या निरोगी बोंडांतून वेगळ्या पोत्यात वेचावा, पोत्यावर वाणाचे नाव लिहावे आणि त्याची सरकी हातरेचणीवर किंवा स्वच्छ केलेल्या छोट्या यंत्रावर स्वतः उभे राहून काढून घ्यावी.