पाइपलाइनच्या नोकरीकडे वळणाऱ्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी

तेल व नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनमध्ये काम करायचे तर मुंबई किंवा गुजरात गाठावे लागते, असा समज आपल्याकडच्या महाविद्यालयांत अजूनही आहे. प्रत्यक्षात गेल या सरकारी वायू कंपनीची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनी समृद्धी महामार्गाला धरून छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतून जाते, तर लातूर-धाराशिवच्या शहर गॅस वितरणाचा परवाना मिळवलेली युनिसन एन्व्हायरो ही कंपनी २०२४ मध्ये महानगर गॅसने विकत घेतली. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील भारत पेट्रोलियमच्या डेपोत मुंबईहून पेट्रोल व डिझेल पाइपलाइननेच येते.

यांतील कोणते काम आपल्याला हवे, हे आधी ठरवावे. तेलाच्या वाहिनीत एकाच पाइपमधून पेट्रोल, डिझेल असे माल एकामागून एक सोडले जातात आणि दोहोंच्या सीमेवर मिसळलेला माल वेगळा काढावा लागतो; वायूच्या वाहिनीत दाब सांभाळणे मुख्य असते; शहर वितरणात रोज ग्राहकांच्या घरापर्यंत जावे लागते. अधिकारी पदासाठी बऱ्याच सरकारी कंपन्या गेट या अभियांत्रिकीच्या परीक्षेचे गुण पाहतात. परंतु प्रत्यक्ष जागेवरची पुष्कळशी कामे ठेकेदारांमार्फत होतात, त्यामुळे आयटीआय आणि पदविकाधारकांची सुरुवात बहुधा तिथूनच होते. अशा वेळी नेमणुकीचे पत्र आणि भविष्य निर्वाह निधीची नोंद मागून घ्यायला संकोच करू नये.

अभ्यासात माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित विषय गंजाचा आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि या हालचालीत पाइपच्या कोटिंगवर ताण येतो. त्यातच ओली काळी माती विजेची चांगली वाहक असल्याने गंजाला पोषक ठरते. म्हणून पाइपला बाहेरून विद्युतप्रवाह देऊन कॅथोडिक संरक्षण करतात आणि ठरावीक अंतरावरच्या चाचणी खांबांवर मीटरने विभव, म्हणजे पाइप आणि माती यांच्यातील विद्युतदाबाचा फरक, मोजतात. ते जमिनीवर टेकवलेल्या तांबे–मोरचूद इलेक्ट्रोडच्या संदर्भात उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असावे, हा सर्वसाधारण निकष आहे. मे महिन्यात हे काम करताना इलेक्ट्रोड टेकवण्याच्या जागी आधी थोडे पाणी ओतून ते मातीत चांगले मुरू द्यावे लागते, कारण कोरड्या भेगाळ जमिनीत स्पर्श नीट होत नाही, आकडा सारखा हलत राहतो आणि असे वाचन वहीत उतरवणे म्हणजे पुढच्या माणसाची दिशाभूल करणे होय. हे काम मला फार जवळचे वाटते. पाइप डोळ्यांना दिसत नसताना त्याची प्रकृती एवढ्या एका आकड्यावरून ओळखायची असते.

जमिनीचा कायदाही वाचावा. १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्यानुसार शेतकऱ्याची मालकी कायम राहते आणि कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो. पाइपलाइन गेलेल्या पट्ट्यात पीक घेता येते, परंतु बांधकाम करणे, विहीर खोदणे किंवा झाड लावणे याला मनाई असते. त्या हक्कासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला ठरलेला असून कामामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी द्यावी लागते. सातबारा वाचता येणारा आणि बांधावर बसून हा फरक समजावून सांगणारा अभियंता शेतकऱ्याला आपला वाटतो. पुढे कोणी जेसीबी लावून खोदायला निघाले, तर त्याची पहिली खबर त्याच शेतकऱ्याकडून येते.